रक्तातला आकडा आणि आयुष्याची दोरी

इंदूरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. सासरे चौसष्ट वर्षांचे. तरुणपणी बिडी, पुढे सिगारेट. खोकला हटेना म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा उजव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. आता केमोथेरपी सुरू आहे आणि दर तीन आठवड्यांनी रक्त तपासून 'सीईए' नावाचा एक आकडा काढला जातो. आधी तो ४८ होता, मग ६१ झाला, मग ३९. त्या लिहितात, 'रिपोर्ट आला की बडोद्याहून नणंदेचा आणि पुण्याहून दिरांचा फोन येतो. आकडा वाढलेला असला तर त्या दिवशी घरात कोणी धड जेवत नाही. बाबा विचारतात, कितीवर आला? आम्ही खोटे सांगतो. डॉक्टर, या आकड्यावरून माणूस किती दिवस काढील ते कळते का?'

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळच देतो. एका माणसाचे दिवस या आकड्यावरून मोजता येत नाहीत. मग डॉक्टर तो काढतात तरी कशाला, असे तुम्ही विचाराल. ते समजण्यासाठी ही प्रथिने रक्तात येतात कुठून, ते पाहावे लागेल.

सीईए म्हणजे कार्सिनो-एम्ब्रिऑनिक अँटिजेन. १९६५ साली कॅनडातील माँट्रिअल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन या दोघांना हे प्रथिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडले. गंमत अशी, की हेच प्रथिन आईच्या पोटातील बाळाच्या आतड्यातही असते. जन्मानंतर त्याचे उत्पादन जवळजवळ थांबते. कर्करोगाची पेशी मात्र हा बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू करते. त्या काळी केवढी आशा वाटली असेल! बोटभर रक्त घ्यावे आणि कर्करोग आहे की नाही ते सांगावे. ती आशा फळाला आली नाही. धडधाकट माणूस नुसता सिगारेट ओढत असला तरी त्याचे सीईए वाढलेले असू शकते. यकृताचे आजार, आतड्याची सूज, फुप्फुसाचे जुने दुखणे यांतही ते वाढते. उलट, फुप्फुसात चांगली लिंबाएवढी गाठ असूनही सीईए अगदी सर्वसाधारण असलेले रुग्ण असतात. बहुतेक प्रयोगशाळा मिलिलीटरला ५ नॅनोग्रॅमपर्यंतचा आकडा सर्वसाधारण धरतात, पण ही काही लक्ष्मणरेषा नव्हे.

फुप्फुसाच्या कर्करोगात अशी आणखी काही प्रथिने मोजतात. 'सायफ्रा २१-१' हे पेशीला आकार देणाऱ्या सांगाड्यातील केराटिन-१९ या प्रथिनाचे तुकडे. पेशी मरून फुटली की ते रक्तात उतरतात. पाडलेल्या घराचा राडारोडा रस्त्यावर यावा, तसे. 'एनएसई' हे प्रथिन स्मॉल सेल नावाच्या झपाट्याने पसरणाऱ्या प्रकारात उपयोगी पडते. पण ते आपल्या तांबड्या पेशींतही असते. रक्त काढताना नीट काढले नाही, किंवा नळी बराच वेळ तशीच पडून राहिली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि आकडा खोटाच वर जातो. याच आजारात पाहिले जाणारे 'प्रो-जीआरपी' मूत्रपिंड नीट काम करत नसले तरी वाढते. म्हणजे आकडा वाढला याचा अर्थ आजारच वाढला, असे समीकरण मांडण्याआधी चार गोष्टी तपासाव्या लागतात.

तरीही या प्रथिनांत तथ्य आहे. उपचार सुरू होण्याआधी ज्यांचे सायफ्रा किंवा सीईए बरेच वाढलेले होते, त्या रुग्णांचा गट इतरांपेक्षा सरासरीने कमी जगला, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. कारण फार गूढ नाही. जितकी गाठ मोठी, जितकी तिची पेशींची मोडतोड जास्त, तितका राडारोडा रक्तात जास्त.

मला स्वतःला यापेक्षा दोन साधी, स्वस्त प्रथिने अधिक बोलकी वाटतात. ती गाठीतून येतच नाहीत; ती आपल्याच यकृतात तयार होतात. एक अल्ब्युमिन आणि दुसरे सीआरपी. शरीरात कुठेही दाह पेटला की यकृत सीआरपी जास्त बनवते आणि अल्ब्युमिन कमी होते. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या डॉक्टरांनी या दोहोंची सांगड घालून एक सोपा गुणांक केला आणि २००३ साली तो शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या फुप्फुस-कर्करोगाच्या रुग्णांना लावून पाहिला. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण, अल्ब्युमिन डेसिलीटरला साडेतीन ग्रॅमच्या खाली असेल तर आणखी एक. शून्य गुणांचे रुग्ण सर्वांत जास्त जगले, दोन गुणांचे सर्वांत कमी. गाठ किती मोठी आहे याइतकेच, शरीर तिच्याशी झुंजताना किती झिजले आहे, यालाही महत्त्व असते, ते असे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती घरोघरी घडते. अल्ब्युमिन कमी आहे म्हटले, की घरातल्या बायका अंड्यांचा पांढरा बलक, पनीर आणि प्रोटीनची पावडर घेऊन रुग्णाच्या मागे लागतात. रुग्णाला अन्न नकोसे झालेले असते, त्यावरून वादावादी होते. खाणे द्यावेच, पोटात जाईल तेवढे आणि आवडेल ते द्यावे. परंतु या आजारात अल्ब्युमिन उतरते त्याचे मोठे कारण दाह असतो. चार दिवसांत ते चढले नाही म्हणून सुनेने स्वतःला दोष देण्याचे काही कारण नाही.

आता 'सरासरीने कमी जगला' या शब्दांकडे या. सगळा घोळ इथे होतो. समजा शंभर रुग्णांच्या एका गटाबद्दल डॉक्टरांनी सांगितले, की यांचे मध्यमान दहा महिने आहे. घरचे लोक ऐकतात ते असे, की आपला माणूस दहा महिन्यांचा सोबती. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की पन्नास जण दहा महिन्यांच्या आत गेले आणि पन्नास जण त्याहून जास्त जगले. त्या दुसऱ्या पन्नासांतला कोणी अकराव्या महिन्यात गेला असेल, कोणी पाच वर्षांनी भाजी आणायला बाजारात जात असेल. अमेरिकेतील जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटातील मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला. त्या आजाराचे मध्यमान त्या वेळी आठ महिने होते. शास्त्रज्ञच ते, आकड्यांना भिणारे नव्हते. त्यांनी त्या आठ महिन्यांचा अर्थ काय आणि काय नाही, यावर १९८५ साली एक लेख लिहिला. ते वारले २००२ साली, म्हणजे निदानानंतर वीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच कर्करोगाने. सगळ्यांचे असे होत नाही, हे सांगायलाच हवे. पण मध्यमान ही माणसाची मुदत नव्हे.

प्रथिनांच्या खुणा दोन जातींच्या असतात. शेतकऱ्याच्या घरातल्या वाचकांना हे चटकन कळेल. यंदा पाऊस कमी पडेल असा वेधशाळेचा अंदाज आला, तर काळजी वाढते, पण त्याने पाऊस काही बदलत नाही. माती तपासून आणली आणि तिच्यात नत्र कमी निघाले, तर कोणते खत घालायचे ते ठरते. सीईए, सायफ्रा, सीआरपी या बहुतांशी पहिल्या जातीच्या खुणा. दुसऱ्या जातीच्या खुणा औषध ठरवतात, आणि गेल्या वीस वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगात खरी क्रांती झाली ती त्यांच्यामुळे.

त्यांतली सर्वांत ठळक म्हणजे ईजीएफआर. पेशीच्या पृष्ठभागावर बसणारे हे प्रथिन बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की तो आत पोचवते. ते रोखणारी गेफिटिनिब ही गोळी अमेरिकेत २००३ साली मान्य झाली. काही रुग्णांना तिने अंथरुणातून उठवले, बहुतेकांना काहीच फरक पडला नाही. ज्यांच्या गाठीत हे प्रथिन जास्त त्यांना गुण येत असेल, असा साहजिक तर्क होता. पण खरी मेख वेगळीच निघाली. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले, की गुण येणाऱ्या रुग्णांत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे त्याची घडण बदललेली असते. दाराची बेल कोणी दाबली नसताना वाजत राहावी, तसे ते प्रथिन आपोआप 'वाढ, वाढ' म्हणत राहते. म्हणजे ते किती आहे यापेक्षा कसे आहे, हे महत्त्वाचे.

२००९ साली पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात हा बिघाड होता, त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्क्यांची गाठ गेफिटिनिबने आकसली. ज्यांच्यात नव्हता, त्यांच्यात जेमतेम शंभरातल्या एकाची. एकच गोळी, एकच आजार, आणि फरक केवढा! न तपासता ती गोळी देणे म्हणजे दुसऱ्या गटातील माणसाचे मोलाचे महिने वाया घालवणे. हा बिघाड कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, अधिक आढळतो. आपल्या देशातही त्याचे रुग्ण पुष्कळ आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी असे ३५० रुग्ण घेऊन, नुसती गेफिटिनिब आणि गेफिटिनिबच्या जोडीला केमोथेरपी, अशी तुलना केली. २०२० साली निष्कर्ष आला. आजार पुन्हा डोके वर काढीपर्यंतचा काळ नुसत्या गोळीने आठ महिने, तर दोन्ही मिळून सोळा महिने. जोडउपचारात त्रास जास्त झाला, हेही त्यांनी लपवलेले नाही.

'एएलके' ही दुसरी खूण २००७ साली जपानमधील हिरोयुकी मानो यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगात शोधली. ती थोड्याच रुग्णांत सापडते, पण ज्यांच्यात सापडते त्यांचे चित्रच पालटते. लॉरलॅटिनिब या गोळीच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२४ साली आले. आजार पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांत तो पाच वर्षांनंतरही पुढे सरकलेला नव्हता. पूर्वी अशा रुग्णाला वर्ष मिळाले तरी पुष्कळ मानत.

तिसरी खूण पीडी-एल१. आपल्या प्रतिकारशक्तीचे शिपाई पेशीपेशीला थांबवून तपासत असतात. कर्करोगाची काही पेशी या प्रथिनाचा बिल्ला लावून 'मी घरचीच' असे सांगून निसटते. हा बिल्ला निकामी करणाऱ्या औषधांचा पाया ज्या शोधांनी घातला, त्यांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्या निम्म्या किंवा अधिक कर्करोग-पेशींवर हा बिल्ला आहे, अशा रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिले तेव्हा पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के हयात होते. केमोथेरपीने सुरुवात केलेल्यांत सुमारे १६ टक्के. दुप्पट! पण शंभरातले अडुसष्ट तरीही गेले, हे विसरू नका. या औषधाचा पूर्ण खर्च लाखांनी मोजावा लागतो. आणि एक महत्त्वाची गोष्ट. त्या अभ्यासात ईजीएफआर व एएलकेचा बिघाड असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, कारण अशांना या औषधाचा लाभ सहसा फार होत नाही. म्हणून पीडी-एल१ जास्त आले असे कळताच शेत किंवा दागिने विकायला काढू नयेत. बाकीचे दोन रिपोर्ट हाती येईपर्यंत थांबता येते का, ते डॉक्टरांना विचारावे.

इतके वाचल्यावर कोणाला वाटेल, की जी खूण मोठ्या मासिकात छापून आली ती पक्की. त्यासाठी ईआरसीसी१ची कहाणी सांगतो. सिस्प्लॅटिन हे केमोचे जुने औषध पेशीच्या डीएनएची मोडतोड करते. ती मोडतोड दुरुस्त करणाऱ्या गवंड्यांपैकी एक प्रथिन म्हणजे ईआरसीसी१. गवंडी जास्त असतील तर औषध फुकट जाईल, हा तर्क कोणालाही पटावा. २००६ साली शस्त्रक्रिया झालेल्या ७६१ रुग्णांच्या गाठी तपासून फ्रान्समधील संशोधकांनी तेच दाखवले. ईआरसीसी१ नसलेल्यांना शस्त्रक्रियेनंतरच्या सिस्प्लॅटिनचा फायदा झाला, असलेल्यांना नाही. गंमत म्हणजे, ज्यांना केमो दिलीच नव्हती त्यांच्यात मात्र ईआरसीसी१ असलेलेच जास्त जगले. तेच प्रथिन एका प्रश्नाला शुभ, दुसऱ्याला अशुभ! जगभर आनंद झाला. आता कोणाला केमोचा त्रास द्यायचा आणि कोणाला वाचवायचे, ते ठरवता येणार होते.

पुढे त्याच गटाने दुसऱ्या दोन अभ्यासांतील ४९४ रुग्णांच्या गाठींवर हीच तपासणी केली. निष्कर्ष जुळेना. मग त्यांनी मूळच्या अभ्यासातील ५८९ रुग्णांचे जुने नमुने काढून पुन्हा रंगवले. तेही आपल्याच जुन्या उत्तरांशी जुळेनात! ज्या प्रतिपिंडाने हे प्रथिन रंगवून ओळखतात, ते आता पूर्वीसारखे वागत नव्हते. बाजारात मिळणारी सोळा प्रतिपिंडे त्यांनी तपासली. ईआरसीसी१ची चार रूपे असतात आणि दुरुस्तीचे काम पुरेपूर करते ते त्यांतले एकच. ते एक रूप वेगळे ओळखणारे प्रतिपिंड सोळांत एकही निघाले नाही. हे सगळे त्यांनी २०१३ साली, ज्या मासिकात पहिला शोध छापला त्याच मासिकात, स्वतःच जाहीर केले. मला त्या लोकांचे फार कौतुक वाटते. पण मधल्या सात वर्षांत ज्यांनी या चाचणीवर विसंबून केमो नाकारली असेल, त्यांचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तेव्हा कोणतीही प्रथिनाची महागडी चाचणी लिहून दिली, तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, 'याचे उत्तर हो आले किंवा नाही आले, तर उपचार बदलणार आहे का?' बदलणार असेल तर उसनेपासने करूनही ती करावी. ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ या चाचण्या बहुतेक पसरलेल्या कर्करोगांत तशा आहेत. बदलणार नसेल, तर ते पैसे रुग्णाच्या औषधाला आणि येण्याजाण्याला कामी येतील. इंदूरच्या घरातील सीईए या हिशेबाने दुय्यम ठरते. ते काढायचेच असेल तर दर वेळी एकाच प्रयोगशाळेत काढावे, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो. केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत, मरणाऱ्या पेशींतून प्रथिन रक्तात सांडल्यामुळे, तो वाढूही शकतो. ४८ चे ६१ आणि ६१ चे ३९ असे होण्याचे ते एक कारण असू शकते. उपचार लागू पडतो आहे की नाही, हे सीटी स्कॅन आणि रुग्णाची हालचाल यांवरून ठरते. बाबा स्वतःची आंघोळ स्वतः करतात का, दिवसाचा किती वेळ अंथरुणात जातो, वजन टिकून आहे का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही रक्ताच्या आकड्याच्या तोडीची आहेत. त्यांना तीन हजार रुपये पडत नाहीत. बिडी-सिगारेट अजून सुटली नसेल तर ती आजही सोडावी. आता काय उपयोग, असे म्हणू नये.

धडधाकट माणसांनी जाहिरात पाहून 'कॅन्सर मार्कर पॅकेज' करून घेऊ नये. खोट्या भीतीने पुढच्या तपासण्यांचे शुक्लकाष्ठ मागे लागते, किंवा खोटा दिलासा मिळून खोकला अंगावर काढला जातो. वर्षानुवर्षे भरपूर सिगारेट ओढलेल्यांसाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन ही तपासणी आहे. अमेरिकेतील ५३ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात तिने फुप्फुस-कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी केल्याचे २०११ साली दिसले. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण त्यात गोंधळ घालतात, म्हणून ती छातीच्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावी.

आणखी एक अभ्यास मी नातेवाइकांना नेहमी सांगतो. २०१० साली बोस्टनमध्ये, आजार पसरलेल्या १५१ नव्या रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासूनच वेदनाशामक सेवेच्या डॉक्टरांकडेही पाठवले. दुखणे, धाप, झोप, मनाची उदासी यांवर इलाज आणि पुढे काय करायचे याची मोकळी बोलणी. त्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले, शेवटच्या दिवसांत त्यांनी जड उपचार कमी घेतले, आणि तरीही मध्यमान ११.६ महिने आले. दुसऱ्या गटाचे ८.९. आपल्याकडे या सेवेचे नाव काढले की 'म्हणजे आता संपले का?' असे घरचे विचारतात. तसे नाही. ती पहिल्या दिवसापासून मागावी. आणि बाबा कितीवर आला असे विचारतात, तेव्हा त्यांना खरा आकडा सांगावा, त्याचा अर्थ किती थोडा आहे तेही सांगावे. घरात सगळे का जेवत नाहीत, ते त्यांना आकड्यावाचूनही कळतच असते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वरच्या औषध ठरवणाऱ्या बहुतेक चाचण्या बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावर होतात. तो तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवून रुग्णालयात जपून ठेवलेला असतो. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना लोक एक्स-रेच्या पिशव्या घेतात, पण ब्लॉक मागायचे विसरतात. मग सुई पुन्हा टोचावी लागते. लेखी अर्ज करून, सही देऊन तो घ्यावा, पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट सोबत ठेवावा, आणि नेताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. मेण वितळते.